हवदालाच्या मेणबत्तीचा फोटो: उजेड नखांवर मोजा

शनिवारी रात्री आभाळात तीन तारे दिसले की ज्यू घरांत शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाला, निरोप दिला जातो. वाइनचा काठोकाठ भरलेला पेला, सुगंधी मसाल्यांची डबी आणि अनेक वातींची पीळदार मेणबत्ती, एवढ्या तीन वस्तूंवर हा विधी होतो. त्याचं नाव हवदाला. हिब्रूत याचा अर्थ वेगळं करणं: पवित्र आणि रोजचं, उजेड आणि अंधार, सातवा दिवस आणि कामाचे सहा दिवस.

या मेणबत्तीचे बहुतेक फोटो एकाच जागी फसतात. मधोमध पांढराफटक गोळा, भोवती काळोख आणि त्यात भगवे चेहरे. फोटो काढणाऱ्याचं सगळं लक्ष ज्योतीवर असतं, म्हणून असं होतं. विधीत मात्र ज्योतीचा उजेड प्रत्यक्ष वापरावा लागतो. अग्नीचं आशीर्वचन होताना माणसं हात ज्योतीजवळ नेतात, बोटं आत दुमडतात, आणि नखांवर पडलेला उजेड व तळव्यावर पडलेली सावली बघतात. उजेड आणि अंधार यांच्यातली ती कड म्हणजेच हवदाला. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, तिथे मोजायचं आणि फोकसही तिथेच करायचा. एवढं मनात पक्कं असेल तर बाकीचे निर्णय सोपे होतात.

कॅमेरा कधी बाहेर काढायचा

तंत्राच्या आधी हे नीट समजून घ्या, कारण इथली चूक नंतर दुरुस्त होत नाही. शब्बाथ पाळणाऱ्या घरात शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत विस्तव पेटवत नाहीत, विजेची बटणं दाबत नाहीत, लिहीत नाहीत. कॅमेरा आणि मोबाइल त्यातच आले. पाहुणा ज्यू नसला तरी त्या घरात किंवा सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) त्याने शब्बाथ चालू असताना फोटो काढणं अनादराचं ठरतं. त्यामुळे आधी जाऊन ट्रायपॉड लावून ठेवणं, उजेडाची चाचणी घेणं, दिव्याची जागा बदलून बघणं, यातलं काहीच करता येत नाही.

म्हणून तयारी स्वतःच्या घरी करायची. बॅटरी भरलेली, कार्ड रिकामं, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात, कॅमेरा मॅन्युअलवर, व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची सेटिंग) लावलेला, फ्लॅश बंद, शटरचा आणि फोकसचा आवाज बंद, फोकसला मदत करणारा छोटा लाल-नारिंगी दिवाही बंद. मग कॅमेरा पिशवीत ठेवून जायचं. संध्याकाळची प्रार्थना झाली, शब्बाथ संपल्याचे शब्द म्हटले गेले आणि यजमानांनी होकार दिला, की पिशवी उघडायची. शब्बाथ संपण्याची वेळ समाजाच्या दिनदर्शिकेत छापलेली असते, पण घड्याळापेक्षा यजमानांचा शब्द मोठा.

तारीख ठरवताना एक गोष्ट आवर्जून विचारा: त्या शनिवारी रात्री सण सुरू होतोय का? तसं असेल तर हवदाला सणाच्या किद्दुशमध्ये (पेल्यावर म्हटल्या जाणाऱ्या आशीर्वचनात) मिसळून होते, सणाचे निर्बंध लगेच लागू होतात, मेणबत्ती विझवत नाहीत आणि कॅमेराही चालत नाही. सण आठवड्याच्या मधल्या वारी संपत असेल तर पेल्यावरची हवदाला होते, पण मेणबत्ती नसते. योम किप्पुर हा उपासाचा दिवस संपताना मेणबत्ती असते, आणि ती उपासाच्या आधीपासून जळत असलेल्या ज्योतीवरून पेटवायची असते. एका ज्योतीवरून दुसरी पेटण्याचा तो क्षण टिपायचा असेल तर ती रात्र निवडा.

आणि विधी चालू असताना ‘परत एकदा करा ना’ असं कधीही म्हणू नका. विनाकारण उच्चारलेलं आशीर्वचन व्यर्थ मानलं जातं. फ्रेम चुकली तर चुकली. विधीनंतर यजमान खुशीने मेणबत्ती पुन्हा पेटवून देत असतील, तर आशीर्वचनाशिवाय तिचे हवे तेवढे फोटो काढता येतात.

विधीचा क्रम आणि तुमची जागा

क्रम ठरलेला असतो: पेला, सुगंध, अग्नी आणि शेवटी वेगळं करण्याचं आशीर्वचन. सगळं मिळून काही मिनिटांत आटोपतं. मेणबत्ती सुरुवातीलाच पेटवलेली असते, पण हात पुढे येतात ते तिसऱ्या आशीर्वचनाला, आणि तो प्रसंग जेमतेम अर्धा मिनिट टिकतो. मसाल्यांची डबी हातोहात फिरू लागली, की नखांचा क्षण आता येणार हे ओळखा आणि जागेवर पोहोचा.

जागा म्हणजे हात पुढे करणाऱ्याच्या खांद्याच्या बाजूला, किंचित वरून. तो माणूस स्वतःचा हात जिथून बघतो, साधारण तिथूनच नखं आणि तळव्यावरची सावली एकदम दिसतात. समोरून काढलात तर मधे ज्योत येते आणि हाताची फक्त काळी आकृती उरते. तीही सुंदर दिसू शकते, पण त्यात सावली दिसत नाही. पंचेचाळीस अंशांच्या कोनात उभे राहा, ज्योत फ्रेमच्या कडेला ठेवा, आणि जमलं तर कोणाच्या तरी बोटाने, पेल्याने किंवा खांद्याने तिचा अर्धा भाग झाकला जाईल असं बघा. झाकलेली ज्योत हाताला तितकाच उजेड देते, मात्र फ्रेममधला सगळ्यात झगझगीत ठिपका आड जातो.

मेणबत्ती धरणारी व्यक्ती पुष्कळदा घरातली लहान मुलगी असते. पूर्व युरोपातून आलेल्या अश्केनाझी घरांत गमतीची समजूत आहे, की लग्नाच्या मुलीने मेणबत्ती जितकी उंच धरावी तितका उंच नवरा मिळतो. फोटोसाठी उंच धरलेली मेणबत्ती उत्तमच. ज्योत चेहऱ्याच्या पातळीला किंवा किंचित वर असली की गाल आणि डोळे नीट उजळतात. कमरेशी धरली तर उजेड हनुवटीखालून येतो आणि चेहरे भेसूर दिसतात. तरी धरणाऱ्याला सूचना देऊ नका. मेणबत्ती खाली असेल तर चेहऱ्यांचा नाद सोडा आणि हातांवर या.

मेणबत्तीची स्वतःची तऱ्हा

आशीर्वचनात ‘अग्नीचे उजेड’ असं अनेकवचन आहे, म्हणून ज्योतही एकाहून अधिक वातींची लागते. निदान दोन, नेहमीच्या पीळदार मेणबत्तीत चार किंवा सहा, काहींत त्याहून जास्त. पीळदार मेणबत्ती नसेल तर दोन साध्या मेणबत्त्या एकत्र धरून त्यांच्या ज्योती मिळवतात.

अनेक वातींची ज्योत देवघरातल्या समईसारखी शांत नसते. ती उंच जाते, वेडीवाकडी हलते, धूर सोडते आणि भराभर मेण ओघळवते. वाती लांब राहिल्या तर काजळी धरते. पेटवण्याआधी वाती सुमारे अर्धा सेंटीमीटर ठेवून कापलेल्या असल्या तर ज्योत आटोपशीर राहते. कोरी मेणबत्ती नीट पेटायला वेळ घेते, कारण वातींची टोकं मेणात बुडालेली असतात. एक वात पेटते, दुसरी नुसती तडतडते, आणि फोटोत एकाच बाजूला झुकलेली केविलवाणी ज्योत येते. आदल्या आठवड्यात वापरलेली मेणबत्ती यासाठी बरी.

रंगाचाही विचार करा. बाजारात निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या मेणबत्त्या भरपूर मिळतात आणि दिवसा फार देखण्या दिसतात. पण मेणबत्तीच्या उजेडात निळा रंग जवळजवळ नसतोच, त्यामुळे तिच्याच ज्योतीत ते निळे पट्टे करडे-काळे दिसतात. कॅमेऱ्याचा यात दोष नाही. मधमाशीच्या मेणाची, मधाच्या रंगाची मेणबत्ती याच उजेडात खुलते. ज्योतीखालचा दोन-तीन सेंटीमीटरचा भाग आतून उजळतो आणि पिळाची प्रत्येक वळी वेगळी दिसते. इस्रायलमधलं सफेद हे गाव हाताने वळलेल्या अशा मेणबत्त्यांसाठी प्रसिद्ध आहे.

खोली

पंखा बंद. ज्योत अशीही अस्थिर असते, वर पंखा फिरत असेल तर दर फ्रेममध्ये ती आडवी मिळेल. एसीचा झोत आणि उघडी खिडकीही बघा. शब्बाथसाठी पंखे-दिवे पुष्कळ घरांत टायमरवर असतात, म्हणून ते कधी बंद करता येतील हे आधीच विचारून ठेवा.

काही घरांत हवदालाच्या वेळी दिवे मालवतात, काहींत चालू ठेवतात. चालू असतील आणि यजमानांची हरकत नसेल, तर डोक्यावरचा पांढरा एलईडी तेवढा बंद करायला सांगा. तो चालू राहिला तर एकाच हातावर दोन रंगांचे उजेड पडतात, आणि तळव्यावरची सावली, जिच्यासाठी ही सगळी धडपड आहे, ती पुसट होते. फ्लॅशनेही हेच होतं, म्हणून फ्लॅश वापरूच नका. पलीकडच्या खोलीतला पिवळसर दिवा मात्र राहू द्या. पुढे धूर टिपताना तो कामी येतो.

आकडे

पीळदार मेणबत्तीचा उजेड वातींच्या संख्येवर आणि ज्योतीच्या उंचीवर ठरतो. तरी अंधाऱ्या खोलीत सुरुवात कुठून करायची हे सांगता येतं. आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता, एफ-आकडा म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं (आकडा लहान, तोंड मोठं), आणि सेकंद म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ.

ज्योतीपासून सुमारे २० सेंटीमीटरवरच्या हातासाठी आयएसओ १६००, एफ/२.८, १/१२५ सेकंद. सुमारे ६० सेंटीमीटरवरच्या चेहऱ्यासाठी आयएसओ ३२००, एफ/२, १/६०. फक्त ज्योत, तिच्यातले पिवळ्या-नारिंगी रंगांचे थर आणि वातींची लाल टोकं हवी असतील तर आयएसओ १००, एफ/५.६, १/२५०. या शेवटच्या फ्रेममध्ये बाकी सगळं काळंभोर होईल, आणि ते तसंच व्हायला हवं.

हात आणि चेहरा यांच्यात एवढा फरक का पडतो? अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. २० सेंटीमीटरवरून ६० वर म्हणजे अंतर तिप्पट आणि उजेड नववा हिस्सा, सुमारे तीन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). ज्योत तर हातापेक्षाही कितीतरी प्रखर. तिन्ही गोष्टी एका फ्रेममध्ये नीट येणं शक्यच नाही. निवड हाताची करा. चेहरा मागे मंद राहू द्या, आणि ज्योतीचा गाभा पांढरा झाला तर होऊ द्या.

ऑटो एक्स्पोजर इथे दोन्हीकडून फसवतं. ज्योत मधोमध आली तर सगळं काळं, कडेला गेली तर हात जळलेले. म्हणूनच मॅन्युअल. पहिल्या फ्रेमनंतर हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघा, आणि तोही लाल, हिरवा, निळा असा वेगवेगळा. या उजेडात लाल चॅनेल सगळ्यात आधी भरतो. एकत्रित हिस्टोग्राम ठीक दिसत असतानाही नखांवरचा लाल ओसंडलेला असू शकतो, आणि मग त्वचा सपाट, प्लास्टिकसारखी दिसते.

व्हाइट बॅलन्स २५०० केल्विनवर ठेवा. ज्योतीचा उजेड सुमारे १९०० केल्विनचा असतो आणि पुष्कळ कॅमेऱ्यांत २५०० च्या खाली जाताच येत नाही. या फरकामुळे जेवढी ऊब उरते तेवढी फोटोला पुरेशी आहे. उन्हाच्या सेटिंगवर, म्हणजे ५५०० च्या आसपास, सगळं गडद भगवं येतं. ऑटोवर दर फ्रेमचा रंग बदलतो आणि नंतर चार फोटो शेजारी ठेवता येत नाहीत.

लेन्स ५० मिलिमीटर एफ/१.८ असली तरी पुरे. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ७० सेंटीमीटर अंतरावरून एफ/२.८ ला पुढून मागे जेमतेम तीन सेंटीमीटरचा भाग स्पष्ट येतो. त्यात चार बोटांची नखं बसतात, मनगट बसत नाही. फोकस ज्योतीवर टाकलात तर तो मागेपुढे भटकत राहील, कारण ज्योतीला पकडण्यासारखी ठाम कड नसते. नखाची कड, नाहीतर मेणाचा वरचा काठ धरा. हात हलतात, म्हणून एका क्षणाला पाच-सहा फ्रेम सलग घ्या.

लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढून ठेवा. सपाट काचेवर ज्योतीचं प्रतिबिंब पडतं आणि फोटोत दुसरी, उलटी, फिकट ज्योत तरंगताना दिसते.

पेला, डबी आणि विझवण्याचा क्षण

पेला बशीत ठेवून मुद्दाम काठोकाठ भरतात, थोडं बशीत सांडेपर्यंत. भरभराटीची ती खूण. चांदीचा पेला म्हणजे गोल आरसाच. त्यात ज्योतीची उभी रेघ उमटते, आणि तुम्ही पांढरा शर्ट घातला असेल तर तोही. गडद कपडे घाला. काचेचा पेला असेल तर ज्योत त्याच्या मागे येईल अशी जागा घ्या, म्हणजे आतला रंग पेटतो.

आतला द्रव मात्र दर घरी लाल नसतो. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंना गावकरी शनवार तेली म्हणत, कारण ते तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवत. त्यांच्या घरांत वाइनऐवजी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेलं शरबत वापरण्याची रीत आहे. मागून उजेड आला की ते तपकिरी-सोनेरी दिसतं. त्याला एडिटिंगमध्ये लाल करू नका, त्या घराची ओळखच त्या रंगात आहे.

मसाल्याच्या डबीत बहुधा लवंग, दालचिनी असते. युरोपीय घराण्यांत ती चांदीच्या छोट्या मनोऱ्यासारखी असते. तिची जाळी ज्योतीच्या आड आणली तर छिद्रांतून उजेड फुटतो. एक-दोन फ्रेम पुरे.

शेवटी मेणबत्ती बशीत सांडलेल्या वाइनमध्ये उलटी बुडवतात. इथे दोन गोष्टी एकदम होतात: धूर निघतो आणि खोलीतला एकमेव उजेड जातो. म्हणूनच विझवण्याचे इतके फोटो नुसते काळे येतात. धूर मागून किंवा तिरप्या बाजूने उजेड आला तरच दिसतो. सोपा उपाय असा की यजमानांना स्वयंपाकघराचं दार अर्धवट उघडं ठेवायला सांगा आणि तो उजेड धुराच्या मागे येईल असे उभे राहा. मागची भिंत गडद असली तर उत्तम. आयएसओ ६४०० वर न्या, एफ/२, १/१००. भारतात आणि इस्रायलमध्ये वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे १/५० किंवा १/१०० ला एलईडीचे आडवे पट्टे टळतात. अमेरिकेत १/६० किंवा १/१२० धरा. ज्योत द्रवाला टेकायच्या आधीच बटण दाबून सलग फ्रेम सुरू करा. धुराची घट्ट, वळणदार रेघ दोन-तीन सेकंदच टिकते, मग नुसतं धुकं उरतं.

तापलेलं मेण द्रवात पडताना तडतडतं. लेन्स निदान अर्धा मीटर लांब ठेवा. गर्दीत ओढणी, मोकळे केस आणि सैल बाह्या ज्योतीपासून दूर आहेत ना, यावर नजर असू द्या. एखादं लहान मूल ज्योतीच्या फार जवळ आलं तर आधी कॅमेरा खाली करा.

मोबाइलवर

नाइट मोड बंद करा. तो अनेक फ्रेम एकत्र करतो आणि हलणारी ज्योत फासल्यासारखी दिसते. स्क्रीनवर हाताला स्पर्श करून बोट दाबून ठेवा, म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतील. मग एक्स्पोजर खाली ओढून सुमारे उणे १ वर आणा. प्रो मोड असेल तर वरचेच आकडे तुमच्या लेन्सच्या एफ-आकड्याप्रमाणे बदलून वापरा.

मोबाइलच्या लेन्सला एक ठरलेली खोड आहे: ज्योत फ्रेमच्या एका कोपऱ्यात असली की समोरच्या कोपऱ्यात हिरवट ठिपका उमटतो, फ्रेमच्या मध्यबिंदूतून बरोबर विरुद्ध जागी. ही जागा ठरलेली असल्याने तो हलवता येतो. मोबाइल थोडा सरकवून ठिपका ज्योतीवरच, नाहीतर एखाद्या उजळ भागावर नेऊन ठेवा. आधी लेन्स पुसून घ्या. बोटाचा तेलकट डाग असेल तर ज्योतीभोवती धुकट चट्टा येतो.

विधीबाहेर, टेबलावर

पिळाचं बारीक काम दाखवायचं असेल तर ते विधीच्या गर्दीत होत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी, आशीर्वचनाशिवाय, मेणबत्ती अंधाऱ्या खोलीत उभी करा. मागे अर्ध्या मीटरवर काळं सुती कापड. कॅमेरा ट्रायपॉडवर. खाली धातूची थाळी आणि तिच्यात फॉइल, कारण मेण खूप ओघळतं.

दोन फ्रेम घ्या, मधे काहीही न हलवता: एक ज्योतीसाठी १/२५० ला, दुसरी मेणासाठी १/१५ ला, आयएसओ १०० आणि एफ/५.६ तेच. दुसरी काळोखी वाटली तर शटर आणखी लांबवा. एडिटिंगमध्ये दुसऱ्या फ्रेमवर पहिलीतली ज्योत बसवा. दोन्हींत ज्योतीचा आकार वेगळा असणार, म्हणून जोड ज्योतीच्या बुडाशी, वातींपाशी द्या आणि कड मऊ ठेवा. मेणबत्ती निळी असेल तर बाजूने पांढऱ्या कागदावरून परतवलेला अगदी मंद, दिवसाच्या रंगाचा एलईडी द्या, तेवढ्याने निळा परत येतो. तीन-चार मिनिटांनी विझवा, वाती कापा, कडेला ओघळलेलं मेण गार झाल्यावर नखाने सोला आणि पुन्हा सुरू करा.

एडिटिंग

रॉ फाइलमध्ये रंगाचं तापमान २४०० ते २८०० च्या दरम्यान ठेवा. नारिंगीची तीव्रता थोडी उतरवा, पण त्वचा पांढरी पडेपर्यंत नको. शॅडो, म्हणजे फोटोतले अंधारे भाग, वर ओढण्याचा मोह आवरा. खोली उजळली की नॉइज (दाणेदारपणा) तर दिसतोच, शिवाय तळव्यावरची सावली विरघळून जाते. धान्यासारखा बारीक नॉइज राहिला तर राहू द्या, तो घासून काढताना नखांची चमकही पुसली जाते.

फोटो निवडताना प्रत्येक फ्रेम शंभर टक्के मोठी करून आधी बोटांकडे बघा. नखांवर ज्योतीचा छोटा उजळ ठिपका आणि त्याच बोटांची तळव्यावर पडलेली सावली, दोन्ही स्पष्ट असतील तर ती फ्रेम ठेवा, ज्योत कितीही पांढरी झालेली असली तरी. यजमानांना फोटो द्या, आणि कोणाचे चेहरे बाहेर दाखवायचे हे त्यांनाच ठरवू द्या. पाठवायचे असतील तर शुक्रवारी दुपारपर्यंत पाठवा, नंतर थेट रविवारी.